फुंकऊर लावा आणि झोपायला जा

जर्मनीत राहायला आलेल्या आपल्या मंडळींचा मला ठरलेला फोन येतो: "नवीन रेडिओ घड्याळात सेल घातला, काटे बारावर जाऊन अडकलेत. बिघडलंय!" बिघडलेलं नसतं. फुंकऊर, म्हणजे रेडिओ सिग्नलवरून स्वतःच वेळ लावून घेणारं घड्याळ, त्या सिग्नलची वाट बघत असतं.

साधा अल्कलाइन सेल घाला. रिचार्जेबल नको, तो सहसा १.२ व्होल्टचाच असतो. आणि मग हात लावू नका.

मी लावला होता. दर दहा मिनिटांनी सेल काढायचा, घालायचा, असे चार दिवस. फ्रांकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून डीसीएफ७७ नावाचं रेडिओ केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर वेळ पाठवतं. जवळपास दर सेकंदाला लहरीचा जोर क्षणभर कमी होतो: ०.१ सेकंद कमी राहिला तर शून्य, ०.२ सेकंद राहिला तर एक. तारीख-वेळेचा पूर्ण निरोप यायला अख्खा मिनिट लागतो. मधेच काही हुकलं तर पुढच्या मिनिटाची वाट पाहायची. सेल काढलात की सगळंच मुळापासून.

"खिडकीत ठेवा" हा सल्ला अर्धवट आहे. माझ्या खिडकीतच एलईडी दिव्याचा अडॅप्टर होता, त्याच्या खरखरीत सिग्नल बुडत होता. टीव्ही, मॉनिटर, चार्जर यांपासून घड्याळ दोन मीटर तरी लांब ठेवा. सळ्यांच्या काँक्रीट भिंतीवर तर नकोच.

दिशेबद्दल कुणी बोलत नाही. आत सिग्नल पकडणारी फेराइटची कांडी, म्हणजे अँटेना असते. तिचं टोक केंद्राकडे असेल तर तिला जवळजवळ काही ऐकू येत नाही, ती केंद्राच्या दिशेशी काटकोनात हवी. आकाशवाणी नीट लागावी म्हणून आपण ट्रान्झिस्टर फिरवायचो ना, तेच हे. बहुतेक भिंतीच्या घड्याळांत कांडी डावी-उजवीकडे असते. म्हणजे म्यूनिखमध्ये घड्याळाचं तोंड किंवा पाठ वायव्येला. रात्री सिग्नल चांगला येतो, म्हणून संध्याकाळी लावा आणि सकाळीच बघा.

पुढची देखभाल म्हणजे वर्षातून दोन सकाळी एक नजर. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली वेळ एक तास पुढे-मागे होते; तेव्हा तासकाटा आपोआप सरकला नाही, तर सेल बदला, नाहीतर जागा.

भारतात मात्र नेऊ नका. सिग्नल साधारण २००० किलोमीटरच पोचतो. पुण्याला आईसाठी हौसेने नेलेल्या माझ्या घड्याळाला हाताने वेळ लावायचं बटणही नव्हतं. शेवटी घड्याळजीकडून त्यात साधी क्वार्ट्झची मशीन बसवून घेतली.