रंगाखालची ओल: रीसेल फ्लॅटमध्ये फसल्यावर काय करायचं

एप्रिलमध्ये डोंबिवलीत फ्लॅट घेतला तेव्हा बेडरूमच्या एकाच भिंतीला नवाकोरा रंग होता. मी खूश! जुलैत तिथेच फुगे आले. नख लावलं की पोपडा हातात.

अशा वेळी आधी रंगारी बोलावू नका. फोटो काढा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या आणि सोसायटीच्या ऑफिसात जा. मला तिथल्या फाइलीत आधीच्या मालकाचंच पत्र सापडलं: ‘बेडरूमची भिंत दर पावसाळ्यात गळते.’ म्हणजे माहीत होतं! सगळी भिस्त अशाच कागदावर, कारण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण आपल्याला नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. ढळढळीत दिसणारा तडा मात्र आपणच बघायचा.

मग दुरुस्तीचं कोटेशन जोडून वकिलाची नोटीस. दाद नाही दिली तर दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा. मुदत साधारण ३ वर्षं, फसवणूक असेल तर ती उघडकीला आल्यापासून. ग्राहक आयोगाकडे उगीच खेटे घालू नका, एखाद्या मालकाने आपलं घर विकणं ही ‘सेवा’ धरत नाहीत.

इमारत नवी असेल तर बिल्डरला धरा. रेराच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. नाहीतर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार. रीसेलवाल्यांनाही हे चालतं.

माझी इमारत १९९४ची, म्हणून हा मार्ग नव्हता. नोटिशीनंतर मालकाने निम्मा खर्च दिला, तोही कुरकुरत.