चांदीचं नाणं घेताना: गुंतवणूक की संग्रह?

आधी ठरवा, पैसे चांदीचे देताय की नाण्याचे.

गुंतवणूक असेल तर ९९९ शुद्धतेचं (९९.९ टक्के चांदीचं) साधं नाणं घ्या. लक्ष्मी-गणपतीच्या नक्षीची मजुरी मोडताना परत मिळत नाही, ३ टक्के जीएसटीही नाही. म्हणून सराफाला आधीच विचारा: आजच परत विकलं तर किती द्याल? उत्तर पावतीवर लिहून घ्या. एकाच वजनात १० ग्रॅमच्या पाच नाण्यांपेक्षा ५० ग्रॅमचं एक सहसा स्वस्त पडतं.

राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या ब्रिटिशकालीन रुपयाचं गणित वेगळं. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. त्यावरची किंमत वर्ष, टांकसाळ आणि स्थितीची. १९४० पासूनच्या राजाछाप रुपयात चांदी निम्मीच, १९४७ चा तर निकेलचा. १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणूनच त्याच्या नकला भरपूर. जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

घरी तपासायचं तर ०.०१ ग्रॅमचा काटा हवा. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. ९१.७ टक्क्यांच्या रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. १.३ दिसला तर धातू हलका आहे. झिजलेल्या नाण्याचं कोरडं वजन काट्याने पाण्यात दाखवलेल्या आकड्याने भागा, उत्तर (म्हणजे घनता) १०.३ च्या जवळ यायला हवं.

आणि कृपा करून जुनं नाणं चिंच, रांगोळी, टूथपेस्टने घासू नका! काळपट थर गेला की संग्राहकाच्या लेखी किंमतही गेली.