डोळे चुरचुरायलेत? मग आधी त्यात काय घालायचं नाही ते बघा

मागच्या दिवाळीत सोयाबीनच्या मळणीला गावाकडं गेलतो. दिवसभर मशीनपुढं उभा राहिलो अन् संध्याकाळी डोळे असे लाल की काकू म्हणली, "काय रे, रडलास का काय?" मग सल्ले सुरू. एक म्हणतंय मध घाल, दुसरं म्हणतंय एरंडेल, शेजारची आजी तर लेकुरवाळ्या सुनेलाच हाक मारायला निघाली, डोळ्यात दूध पिळायचं म्हणून! सगळ्यांची माया खरी, पण यातलं काहीच डोळ्यात घालायचं नसतंय. मध असो, लिंबू असो, नाहीतर दुकानातलं गुलाबजल, त्यात जंतू असू शकतात अन् बुबुळ लई नाजूक असतंय. घरी उकळलेलं त्रिफळ्याचं पाणी कितीबी गाळलं तरी त्याला निर्जंतुक म्हणता येत नाही. माझं साधं गणित आहे, थंडावा वरून द्यायचा, ताकद पोटातून द्यायची.

तर धूळ नाहीतर भुसकट गेलं की पहिलं काम म्हणजे हात आवरायचा, चोळायचं नाही. चोळलं की ते कुसळ बुबुळावर घासतंय. साबणानं हात धुवा, मान एका बाजूला कलती करा अन् उकळून गार केलेलं पाणी तांब्यानं बारीक धारेनं नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला जाऊ द्या, मधीमधी डोळा मिचकवा. वरच्या पापणीखाली अडकल्यासारखं वाटत असेल तर ती पापणी हळूच ओढून खालच्या पापणीवर आणा अन् सोडा, पुष्कळदा खालच्या केसांना लागून कचरा निघून येतो. तरीबी टोचायलंच तर दवाखाना.

चुरचुर असेल तर गार पट्टी. जुन्या सुती धोतराचा मऊ धुतलेला तुकडा घ्यायचा, उकळलेलं पाणी झाकून माठाशेजारी ठेवून गार करायचं, पट्टी त्यात भिजवून घट्ट पिळायची, अन् डोळे मिटून ५ ते १० मिनिटं वर ठेवायची. पट्टी गरम झाली की परत बुडवा. काकडीच्या चकत्यांचंबी हेच, त्यात जादू काही नाही, गारवा आहे म्हणून बरं वाटतं. मला विचाराल तर काकडी मीठ लावून खावी. डोळे आले असतील तर मात्र दोन्ही डोळ्यांना वेगळी पट्टी अन् टॉवेल-उशी कुणाशी वाटून घ्यायची नाही. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आलती, तेव्हा आमच्या घरात एका टॉवेलानं चौघांना आडवं केलं.

रांजणवाडीला उलटं, तिथं शेक लागतो. कोमट पाण्यात पट्टी बुडवून, आधी मनगटावर लावून बघून, १० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. फोडायची नाही अन् लवंग उगाळून लावायची नाही, डोळ्यात उतरली की तिची आग तुम्हालाच कळेल.

मी दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरायलो, त्यामुळं माझं खरं दुखणं स्क्रीनचं. स्क्रीनकडं टक लावली की पापण्या कमी लवतात अन् डोळा कोरडा पडतो, मग कूलरचा वारा थेट तोंडावर असला की झालंच कल्याण. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं. मी रस्त्यापलीकडचं लिंबाचं झाड बघतो, गिऱ्हाईकाला वाटतं साहेब विचारात पडले.

आता खाण्याचं. सगळे गाजर गाजर करतात, अन् आपल्या बांधावर शेवगा उभा आहे त्याच्या शेंगा तेवढ्या खातो, पाला शेळीला टाकतो. खरं तर अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते कॅरोटीन शेंगेपेक्षा पाल्यात कितीतरी जास्त. कवळा पाला ओरबाडून घ्या, जाड काड्या काढा, धुऊन चिरा. कढईत २ चमचे करडईचं तेल, जिरं, ठेचलेल्या लसणाच्या ७-८ पाकळ्या, कांदा, भिजवलेली मूगडाळ, हळद-तिखट, मग पाला घालून झाकण. डाळ बोटात दबली की मीठ, शेंगदाण्याचा कूट, अन् गरम ज्वारीची भाकरी. तेल टाळू नका बरं का, कॅरोटीन तेलातुपाबरोबरच अंगी लागतं, नुसतं कच्चं गाजर कुरतडून तेवढा फायदा होत नाही. म्हणून मला येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, भज्जी लई हुशार वाटते, लातूर-धाराशिवकडं शेतात बसून खातो ती. मेथी, चुका, गाजर, हरभऱ्याचे-तुरीचे सोले, सगळं एकाच पातेल्यात. बाकी पालक, तांदुळजा, पपई, केशर आंबा, मका, अंड्यातला पिवळा बलक, जे मिळेल ते खा. आठवड्यातून तीन-चारदा हिरवी भाजी पोटात गेली पाहिजे, एवढंच.

पण यानं चष्मा उतरत नसतो. नंबर डोळ्याच्या आकारामुळं येतो, चाळीशी लागते ती आतलं भिंग ताठर झाल्यामुळं. मोतीबिंदूबी कुठल्या थेंबानं विरघळत नाही, त्याला ऑपरेशनच. आपल्या लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने उभा जन्म तेच करत आले. शुगर असेल तर दिसायला चांगलं असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. लहान लेकरांना अ जीवनसत्त्वाचा डोस ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, एकूण ९ डोस, तो चुकवू नका. रात्रीचं लेकरू चाचपडायलं तर लगेच दाखवा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं नकोत, गरोदर बाईनं तर अजिबातच.

अन् उसाचं पान किंवा कापसाच्या पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागली तर मेडिकलवाल्याकडून थेंब आणून घालू नका. काही थेंबांत स्टिरॉइड असतं, बुरशीची जखम असली तर ती वाढते अन् डोळ्यात फूल पडून नजर जाते. त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर. एकदम धूसर दिसणं, काळा पडदा आल्यासारखं वाटणं, उजेड सहन न होणं, यालाबी घरी थांबायचं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे तंबाखूच्या चुन्याची ट्यूब. पोरं खेळायला घेतात, दाबतात अन् चुना डोळ्यात उडतो. तूप-तेल शोधत बसू नका, पोराला नळाखाली धरा, पापण्या बोटांनी उघड्या ठेवा, १५-२० मिनिटं पाणी ओता, पापणीआडचे कण वाहून जाऊ द्या. कितीबी रडलं तरी थांबू नका. गाडीला फोन दुसऱ्या कुणालातरी करू द्या, तुमच्या हातातला तांब्या खाली ठेवू नका.