माणूस मिळत नाही का टिकत नाही? छोट्या मशीनशॉपवाल्यांनो, या चुका टाळा

आमच्या वाळूज एमआयडीसीत टपरीवर दोन मालक भेटले की चहा यायच्या आत एक वाक्य ठरलेलं, "माणूसच मिळत नाही हो." मी पण कितीतरी वर्षं हेच म्हणायचो. मग एकदा मस्टर उघडून बसलो तर वर्षभरात ११ जण आलेले आणि ९ गेलेले. म्हणजे मिळतायत की, थांबत नाहीत. सीएनसी-व्हीएमसीचं जॉबवर्क आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे धातूचे पार्ट करून द्यायचे, सगळी मिळून १४ माणसं, त्यातून ९ जाणं म्हणजे मशीनवर कायम कुणीतरी नवीन आणि त्याच्यासोबत रिजेक्शनचा नवीन ढीग.

सुरुवात होते अर्जंटमध्ये. मशीन बंद, पार्टीचे फोनवर फोन, कुणीतरी म्हणतं माझा चुलतभाऊ ऑपरेटर आहे, आपण म्हणतो पाठव उद्या. बायोडाटात 'सेटिंग येते' (म्हणजे कामासाठी मशीनला टूल आणि मापं लावता येतात) लिहिलेलं असतंच. आता मी एक रिजेक्ट पीस, त्याचं ड्रॉइंग आणि माप घ्यायचा व्हर्नियर टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, हा का रिजेक्ट झाला सांग. पोरगं व्हर्नियर हातात घेतल्यावर आधी जबडे मिटवून झिरो बघतं का, एवढंच बघायचं. लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात बारीक माप) ०.०२ मिमी हे पाठ म्हणून दाखवणारे लई भेटतात, न सांगता झिरो बघणारा क्वचित, तो हाताला थोडा हळू असला तरी घ्या. (आणि मेव्हण्याला स्टोअरला बसवू नका. यावर जास्त लिहीत नाही, घरात वाचतात.)

मला सगळ्यात महागात पडली ती पगाराची चूक, आणि तीही कमी पगाराची नाही. नवीन सेटर २०,५०० शिवाय येईना, मी हो म्हणलं. माझ्याकडं ६ वर्षं असलेला सेटर, गेवराईकडचा, १८,००० वर. नव्याला म्हणलं, कुणाला सांगू नको. अहो, शॉपमध्ये डबे एकत्र उघडतात, दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत! जुना काही बोलला नाही, भांडला असता तर बरं झालं असतं. फक्त शिफ्ट संपल्यावर पाच मिनिटं थांबून पुढच्याला ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) समजावून सांगायचा ते बंद झालं, रिजेक्शन वाढलं, मी नव्यावर ओरडत बसलो, आणि दिवाळीचा बोनस हातात पडला तसा हा चाकणला. मला वाटलं बोनस घेऊन पळाला. तो श्रावणातच गेला होता, फक्त पंचिंग दिवाळीपर्यंत चालू होतं. तेव्हा बाहेरून माणूस आणायचा असेल तर आधी जुन्याचा पगार तिथपर्यंत न्या, मग जाहिरात टाका. तेवढं परवडत नसेल तर नवीन माणूस पण परवडत नाही.

पीएफचं वेगळंच. २० माणसांपासून सक्तीचा म्हणून मी निवांत होतो. एका ऑपरेटरचं लग्न ठरत होतं, होणारे सासरे जालन्याहून थेट आमच्या गेटवर, वॉचमनला विचारतायत, "पोराचा पीएफ कटतो का?" वॉचमननं खरं सांगितलं. सोयरीक मोडली, महिन्याभरात पोरगं पीएफवाल्या कंपनीत. २० च्या आत असलात तरी मालक आणि कामगारांच्या संमतीनं पीएफ चालू करता येतो, मालकाचा पण वाटा जातो, जाऊ द्या.

ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी दवाखाना-विम्याचा घोळ तर कुणी सांगतच नाही. तो १० माणसांपासून लागतो पण पगार २१,००० पर्यंतच. आपण खुश होऊन कुणाचा पगार २१,५०० करतो, सप्टेंबर नाहीतर मार्चला ईएसआयची ती सहामाही संपली की कपात बंद, पुढं कार्ड पण बंद होतं, आणि नेमकी तेव्हा बायकोची डिलिव्हरी. ५०० रुपये वाढवून माणूस आपल्यावरच नाराज. ती रेषा ओलांडायच्या आधी मेडिक्लेम काढून हातात द्या.

सोयाबीन काढणीला पोरं गावी जातात, नेमका दिवाळीआधीचा डिस्पॅच असतो, आणि मग आपण पगार काप, धमकी दे, हे सगळं करतो. बापाचं शेत पावसात भिजत असताना कुणी तुमचा बुशिंग टर्न करत बसणार नाही. आता मी पोळ्यालाच सगळ्यांना बसवून तारखा लिहून घेतो, एकावेळी तिघंच, कोण कुणाचं मशीन बघणार ते पण तिथंच ठरतं. तरी एखादा न सांगता जातोच, तेवढं चालायचं.

आणि गेलेल्याचा हिशोब अडवू नका. वेतन संहितेत तर राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत पैसे द्या असं आहे. मी त्या सेटरचे १२ दिवसांचे पैसे रागानं दोन महिने लटकवले, "ये पुढच्या आठवड्यात" करत. आधी दर जूनला आयटीआय झालेली त्याच्या गावची दोन-तीन पोरं त्याचं नाव सांगत गेटवर यायची. पैसे तर शेवटी दिलेच, पण त्यानंतर गेवराईचं एक पोरगं आलेलं नाही.