कराड विमानतळाभोवतीच्या गावांनी एकत्र नियोजन कसे करावे

कराडचा विमानतळ 1950 च्या दशकात कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधला गेला. त्याची धावपट्टी वारुंजी आणि मुंढे परिसरात असली, तरी विमान ज्या पट्ट्यातून खाली उतरते किंवा वर चढते, तो पट्टा कोणत्याही एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत मावत नाही. कराड आणि मलकापूर या दोन नगरपरिषदा व भोवतीच्या ग्रामपंचायती यांचे कागद मात्र वेगवेगळ्या कपाटांत असतात. त्यामुळे एका हद्दीत मंजूर झालेली उंच इमारत किंवा साठलेला कचरा शेजारच्या हद्दीवरून जाणाऱ्या विमानाला अडचणीचा ठरू शकतो. हे टाळायचे असेल तर एकाच नकाशावर सर्वांची सहमती हवी, आणि ती पुढील क्रमाने मिळवता येते.

पहिल्या बैठकीआधीच विषयाची मर्यादा लिहून काढावी. विमानतळाचे विस्तारीकरण म्हणजे जमीन जाणार, ही येथील शेतकऱ्यांची भीती जुनी आहे आणि तिला कारणही आहे. म्हणून बैठकीच्या सूचनेतच असे नमूद करावे की, येथे भूसंपादनाचा विषय घेतला जाणार नाही, तर आज अस्तित्वात असलेल्या धावपट्टीभोवती उंची, कचरा आणि दिवे यांबाबत समान नियम ठरवले जातील. हे दोन विषय एकत्र मिसळले की चर्चा पहिल्याच तासात संपते, असे माझे स्पष्ट मत आहे. निमंत्रण दोन्ही नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, संबंधित सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, नगररचना विभाग आणि विमानतळाचे व्यवस्थापन या सर्वांना एकाच मजकुराचे पाठवावे.

त्यानंतर नकाशाचे काम हाती घ्यावे. सर्वांत जास्त वेळ याच कामाला द्यावा. गावनकाशांवर धावपट्टीची दोन्ही टोके नेमक्या अक्षांश-रेखांशांसह दाखवून घ्यावीत, धावपट्टीची रेषा दोन्ही बाजूंना वाढवावी आणि त्या पट्ट्यात येणाऱ्या गटनंबरांची गाववार यादी करावी. इमारतींच्या उंचीबाबत केंद्र सरकारचे 2015 चे नियम आहेत. त्यांत अनुज्ञेय उंची समुद्रसपाटीपासून मोजली जाते, जमिनीपासून नव्हे, आणि लोकांचा गोंधळ नेमका येथेच होतो. समजा, एखाद्या ठिकाणी माथ्याची मर्यादा 620 मीटर आहे. जेथे जमीन 585 मीटरवर असेल, तेथे 35 मीटर उंचीचे बांधकाम बसते. परंतु त्याच मर्यादेत 612 मीटरवरच्या चढावर केवळ 8 मीटर उरतात. (हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.) आगाशिवच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या भागात हा फरक विशेष लक्षात ठेवावा लागेल. या उंचीत गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि मोबाईल टॉवर हेही धरले जातात. म्हणून बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची मागण्याची पद्धत सर्व कार्यालयांनी एकाच दिवसापासून सुरू करावी आणि जेथे आवश्यक असेल तेथे विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत आल्याशिवाय परवानगी देऊ नये.

कचऱ्याचा प्रश्न उंचीपेक्षा तातडीचा आहे, कारण तो रोज निर्माण होतो. 1937 च्या विमान नियमांतील नियम 91 नुसार विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून (म्हणजे विमानतळाचे स्थान दाखवणाऱ्या ठरलेल्या बिंदूपासून) 10 किलोमीटरच्या आत जनावरांची कत्तल करण्यास, तसेच पक्षी-प्राणी आकर्षित होतील अशा रीतीने कचरा टाकण्यास मनाई आहे. या वर्तुळात कराड शहर आणि मलकापूर दोन्ही येतात. चिकनच्या दुकानांतील टाकाऊ भाग ओढ्याकाठी टाकला गेला की घारी घिरट्या घालू लागतात, आणि घारीला हद्द ठाऊक नसते. त्यामुळे हा टाकाऊ भाग झाकलेल्या गाडीतून दररोज उचलण्याची व्यवस्था सर्व संस्थांनी संयुक्तपणे करावी आणि तिचा खर्च दुकानांच्या संख्येच्या प्रमाणात वाटून घ्यावा.

दिव्यांबाबत फार लिहिण्याची गरज नाही: लग्नाच्या वरातींतील आणि गणेशोत्सवातील लेझर झोत धावपट्टीच्या दिशेने सोडले जाऊ नयेत, ही अट मंडप आणि मिरवणुकीच्या परवानगीतच घालावी.

शेवटचे काम ठरावांचे. नकाशा, गटनंबरांची यादी आणि अटी जोडलेला एकच मसुदा प्रत्येक ग्रामसभेत व दोन्ही नगरपरिषदांच्या सभांत शब्दही न बदलता मांडावा. एखाद्या गावाला दुरुस्ती हवी असेल तर ती सर्वांकडे पुन्हा पाठवावी. मंजूर ठराव नगररचना विभागाकडे देऊन विकास आराखड्यात समाविष्ट करण्याची मागणी करावी. आराखडा आधीच मंजूर असेल तर 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम 37 खाली फेरबदलाचा मार्ग खुला असतो. एखाद्या बाबीवर एकमत झाले नाही, तर ती जिल्हा नियोजन समितीकडे न्यावी. संविधानाच्या अनुच्छेद 243 झेडडी नुसार पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबी, ज्यांत जागेचे नियोजन स्पष्टपणे नमूद आहे, जिल्ह्याच्या आराखड्यात विचारात घेणे हे या समितीचे काम आहे. मंजूर नकाशाची एक प्रत प्रत्येक ग्रामपंचायत कार्यालयाच्या भिंतीवर लावावी, म्हणजे घर बांधू इच्छिणाऱ्याला वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वीच आपला गटनंबर पाहता येईल.