लॉगने डिस्क भरली, दोषी निघालं वायफाय कार्ड

रात्री लॅपटॉप म्हणाला, डिस्कवर जागा नाही. बघतो तर लिनक्सची एकटी सिसलॉग (सिस्टिमच्या नोंदींची) फाईल ४० जीबी! आत एकच रडगाणं: 'पीसीआयई बस एरर, करेक्टेड'. पीसीआयई म्हणजे कार्डं मदरबोर्डला जोडणारी वाट. करेक्टेड म्हणजे हार्डवेअरनेच पॅकेट पुन्हा पाठवून चूक निस्तरलेली. कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एईआर हा पीसीआयईच्या चुका टिपणारा ड्रायव्हर फक्त नोंद करतो, पण इमानेइतबारे, प्रत्येक वेळी.

आधी बूटला कर्नलला 'पीसीआय=नोएईआर' दिलं, म्हणजे एईआरच बंद. लॉग गप्प. पण हे म्हणजे गॅसचा वास येतो म्हणून नाक दाबणं. काढून टाकलं.

लॉगच्या ओळीतला उपकरणाचा पत्ता एलएसपीसीआय या कमांडच्या यादीशी ताडला, तर वायफाय कार्ड. काम नसलं की वीज वाचवायला एएसपीएम (पीसीआयईची वीजबचतीची सोय) त्याची लिंक एल१ नावाच्या झोपेत घालतं, आणि नेमकं तिथेच हे अडखळत होतं. 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' देऊनही फरक शून्य! कारण हे 'ऑफ' नावालाच: कर्नल हात लावत नाही, बायोसने (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फर्मवेअरने) चालू केलेलं तसंच राहतं. (यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.)

तेही काढलं आणि सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची सेटिंग्ज फाईलरूपात दाखवतो ती जागा) त्या कार्डाच्या 'लिंक' फोल्डरातल्या 'एल१_एएसपीएम' फाईलमध्ये ० लिहिला. बाकीची उपकरणं झोपतातच, त्यामुळे बॅटरीला फारसा फटका नाही. रीबूटला हा ० पुसला जातो, म्हणून दोन ओळींची यूडेव्ह रूल (उपकरण दिसलं की आपोआप लागू होणारी) टाकून ठेवली आहे.