जुना लॅपटॉप विंडोज अकरावरून परत दहावर आणायचा असेल तर

आमच्या आर्वी तालुक्यात दोन-तीन वर्षांपासून एक रोगच आलाय. कोणाचा तरी कॉलेजात शिकणारा पोट्टा दिवाळीत घरी येतो, एक व्हिडिओ बघतो आणि घरातल्या चौथ्या-पाचव्या जनरेशनच्या आय-थ्री लॅपटॉपवर विंडोज ११ घुसवून देतो. मायक्रोसॉफ्टने ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेल प्रोसेसरची किमान आठवी जनरेशन मागितली ती काही उगाच नाही, पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत) दोन-तीन नोंदी टाकल्या की ती तपासणी टळते आणि पोट्ट्याला वाटतं आपण लय मोठं काम केलं. मग तो जातो पुण्याला परत, आणि इकडे काका चहा पिऊन, ढोराला पाणी दाखवून आले तरी स्क्रीनवर गोल गोल फिरतच असतं, थंब मशीन ओळखत नाही, जुना प्रिंटर कागद घेत नाही. शेवटी लॅपटॉप खताच्या पिशवीत गुंडाळून माझ्या ओसरीत येतो. असे लॅपटॉप किती दहावर आणले ते मोजणं मी सोडून दिलंय, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो.

आधी दोन गोष्टी मिटवून टाकू. पहिली, सातवर जायचं नाही. "भाऊ, सातच बरं होतं, हलकं होतं" हे मला दर आठवड्याला ऐकावं लागतं. होतं बरं, पण त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोम १०९ च्या पुढे त्याच्यावर जात नाही, आणि सहाव्या जनरेशनच्या किंवा पुढच्या लॅपटॉपवर तर सातच्या सेटअपमध्ये यूएसबीचा ड्रायव्हरच नसतो, म्हणजे माऊस मेलेला अन ज्या पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू झाला तोच पेनड्राइव्ह त्याला पुढे दिसत नाही. बँकेचं काम करणाऱ्याने तर सातचं नावच काढू नये. दुसरी, तुमच्या लॅपटॉपात जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर खरा गुन्हेगार तीच आहे. २५६ जीबीची एसएसडी टाका, जमलं तर चार जीबी रॅम वाढवा आणि मग त्या कोऱ्या एसएसडीवर दहा टाका, खाली जी डोकेदुखी सांगणार आहे ती तुम्हाला होणारच नाही. पण खिशात पैसे नसतील, कापूस अजून घरातच असेल, तर वाचा पुढे.

अकरा टाकून दहा दिवस झाले नसतील आणि ते दहाच्या वरूनच अपग्रेड केलं असेल, तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, आणि तिथे 'गो बॅक'. झालं काम, फाइली पण राहतात. दहा दिवस उलटले, किंवा कोणी जागा मोकळी करायच्या नादात विंडोज डॉट ओल्ड हे जुनं विंडोज ठेवलेलं फोल्डर उडवलं, तर हा रस्ता बंद. मग नवीनच टाकावं लागते, आणि त्यात फाइली ठेवायचा पर्याय मिळत नाही, कोणी काहीही सांगो.

फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करणं हे सांगायची गरज नसावी. मात्र दोन गोष्टी लोक हटकून विसरतात. एक म्हणजे जुने मराठी फॉन्ट. ग्रामपंचायतीचे ठराव, सोसायटीची पत्रं, लग्नपत्रिका हे सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेलं असते आणि फॉर्मॅट केल्यावर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी नुसती किडेमुंग्या दिसतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट आधी उचलून ठेवा. दुसरं, थंब मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिसचा (आधारसाठी ते मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सेटअप. सेवा केंद्र चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रांग लागल्यावर हे शोधत बसला की काय होते ते मी पाहिलंय.

पेनड्राइव्ह आठ जीबीचा घ्या, रिकामा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि त्यालाच पेनड्राइव्ह बनवू द्या. चार-पाच जीबी डाउनलोड होते, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकात बसत नाही, तालुक्याला कोणाकडे फायबर असेल तिथे बसून करा. रूफस हे पेनड्राइव्ह बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर पण चांगलं आहे, मी स्वतः वापरतो, पण त्यात एमबीआर की जीपीटी (डिस्कचे तुकडे नोंदवायची जुनी पद्धत की नवी) हे आधीच निवडावं लागते आणि तिथेच नवीन माणूस फसतो. मीडिया क्रिएशन टूलचा पेनड्राइव्ह दोन्ही पद्धतीने सुरू होतो म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी तोच सांगतो. आणि कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधलं "सगळे सॉफ्टवेअर टाकलेलं, ॲक्टिव्हेट केलेलं" विंडोज घेऊ नका, त्यात अजून काय काय टाकलेलं आहे ते टाकणाऱ्यालाच माहीत.

आता खरी अडचण. माझी एक पूर्ण रात्र आणि मावसभावाशी असलेलं बोलणं-चालणं याच्यात गेलं होतं, म्हणून इथे घाई करू नका.

सेटअप सुरू होतो, भाषा निवडता, कस्टम इन्स्टॉल दाबता, डिस्कची यादी येते, तुम्ही एक पार्टिशन निवडता आणि खाली पिवळं चिन्ह येते: या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे. किंवा उलटं, हिच्यावर एमबीआर टेबल आहे, ईएफआय सिस्टमला जीपीटीच लागते. नेटवर शोधलं की दहापैकी नऊ व्हिडिओ सांगतात, शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल, डिस्कपार्ट टाइप करा, डिस्क निवडा, क्लीन मारा, कन्व्हर्ट करा, झालं. व्हिडिओ पाच मिनिटांचा, खाली हजार लोकांनी हात जोडलेले.

मी पण तेच केलं. मावसभावाचा लॅपटॉप होता, त्यात डी ड्राइव्हमध्ये त्याच्या लग्नाचे फोटो आणि वहिनीच्या बचत गटाचा सगळा हिशोब. मी विचारलं होतं, कॉपी घेतली का? तो म्हणे, "काहून? डी मंधी हाय ना सारं, फॉर्मॅट तं सी चं करतेत." मला पण तसंच वाटायचं तेव्हा, गावात सगळ्यांनाच वाटते, डी म्हणजे जणू घरातली तिजोरी. क्लीन मारलं, एका सेकंदात झालं, मला वाटलं वा, किती सोपं. यादी रिफ्रेश केली तर तिथे एकच ओळ: ड्राइव्ह शून्य, अनअलोकेटेड, ४६५.८ जीबी. सी नाही, डी नाही, काहीच नाही. क्लीन हा हुकूम पार्टिशनला ओळखतच नाही, तो आख्ख्या डिस्कचा सातबारा फाडतो. सी आणि डी हे एकाच वावराचे दोन तुकडे, मध्ये नुसता धुरा, आणि सातबाराच गेल्यावर धुऱ्याला कोण विचारते.

नशीब एवढंच की मी तिथे थांबलो, पुढे काही लिहिलं नाही. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, फोटोरेक (पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर) चालवलं, फोटो बरेच आले परत पण नावं अन तारखांचे फोल्डर गेले, हळद अन वरात एकात एक मिसळली. हिशोबाच्या एक्सेलपैकी काही उघडल्या, काही नाही. वहिनी अजून मला चहा देते पण साखर कमी टाकते असं मला वाटते.

आणि खरी गंमत पुढे कळली. ते क्लीन करायची गरजच नव्हती. लॅपटॉप सुरू व्हायच्या दोन पद्धती असतात, जुनी लेगसी आणि नवीन यूईएफआय (वरच्या निरोपातली ईएफआय तीच). सेटअप लेगसी पद्धतीने सुरू झाला तर त्याला एमबीआर डिस्क पाहिजे, यूईएफआयने सुरू झाला तर जीपीटी. बस एवढंच भांडण आहे. डिस्कमध्ये खोट नसते, तुम्ही चुकीच्या दाराने आत आलेले असता. मावसभावाची डिस्क जीपीटीच होती, चांगली होती, आणि मीच व्हिडिओ बघून आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन लेगसी चालू केलं होतं, सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टमला सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद केलं होतं. म्हणजे अडचण मीच तयार केली आणि मग ती सोडवायला डिस्क पुसली.

म्हणून आता मी हे असं करतो. जुनं विंडोज अजून चालू आहे तोवर, विंडोज आणि आर दाबून रनच्या चौकटीत एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप करायचं, इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. उजव्या बाजूला 'बायोस मोड' अशी एक ओळ असते, तिच्यासमोर यूईएफआय लिहिलंय की लेगसी ते बघायचं आणि कागदाच्या चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवायचं. हसू नका, चिकटवाच, कारण रात्री अकराला रिस्टार्टच्या नादात माणूस विसरते. रूफस वापरत असाल तर हीच चिठ्ठी बघून यूईएफआयला जीपीटी आणि लेगसीला एमबीआर निवडा.

मग पेनड्राइव्ह लावून बूट मेनू (लॅपटॉप चालू होताना कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी) उघडायचा, एचपीला एफ९, डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ१२, असूसला एस्केप. एसरला पण एफ१२ च, पण त्यांच्या बऱ्याच मॉडेलात तो बूट मेनू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो, एफ२ दाबून. बूट मेनूत तोच एक पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा नुसतं नाव आणि एकदा नावाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं. इथेच सगळं ठरते. चिठ्ठीवर यूईएफआय असेल तर यूईएफआयवाली ओळ, लेगसी असेल तर नुसत्या नावाची. बायोसमधलं बाकी काही हलवू नका. विंडोज १० ला सिक्युअर बूट चालते, बंद करायचं काही कारण नाही.

एवढं करूनही तो पिवळा निरोप आला तर काही डिलीट न करता बंद करा, परत बूट मेनूत या आणि दुसरी ओळ निवडा. माझ्या हातचे जवळपास सगळे लॅपटॉप इथेच सुटलेत.

क्लीन कधी चालते? डिस्क कोरी असेल तेव्हा, किंवा डीसकट सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी झालंय आणि त्यातल्या चार फाइली उघडून बघितल्यात तेव्हा. आणि तेव्हाही आधी लिस्ट डिस्क मारून आकार बघा, कारण त्या यादीत तुमचा पेनड्राइव्ह पण बसलेला असतो. मी एकदा ज्याच्यावरून सेटअप चालू होता तो पेनड्राइव्हच क्लीन केलाय. त्याचं दुःख कमी, पण परत चार-पाच जीबी.

यादीत सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत, पार्टिशन एक, दोन, तीन असं दिसते, तर आकारावरून ओळखायचं, म्हणून डीचा आकार पण त्याच चिठ्ठीवर लिहा. सीवालं पार्टिशन आणि त्याच्या आगेमागे असलेली शे-पाचशे एमबीची बारकी डिलीट करा, डीला हात लावू नका, मोकळी झालेली जागा निवडून पुढे. कॉपी मात्र डीची पण घेतलेलीच पाहिजे, बोट घसरायला वेळ लागत नाही.

हे काम लाईन भरवशाची असेल तेव्हाच करा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटांची, आणि हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, मधेच बंद पडलं की परत पहिल्यापासून.

की (विंडोजचा लायसन्स नंबर) विचारली तर 'माझ्याकडे की नाही' दाबा. लॅपटॉप विंडोज १० घेऊन आला असेल तर की बायोसमध्येच असते, आणि आठ घेऊन आलेल्यावर आधी कधी दहा ॲक्टिव्हेट झालं असेल तर त्याची नोंद मायक्रोसॉफ्टकडे असते, नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होते. फक्त आवृत्तीची यादी दिसली तर जी मूळची होती तीच निवडा. आपल्याकडचे बरेच लॅपटॉप होम सिंगल लँग्वेजचे असतात, आणि लोक प्रो भारी वाटते म्हणून प्रो टाकतात, मग ॲक्टिव्हेट होत नाही म्हणून कोणाकडून तरी तीनशे रुपयांची की घेतात. काही गरज नाही त्याची.

खातं बनवताना नेट नाही म्हणून पुढे जा. डेस्कटॉप आल्यावर वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका, फोन केबलने लावा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, दहाला त्याचा ड्रायव्हर लागत नाही. मग विंडोज अपडेट बाकीचे ड्रायव्हर स्वतःच ओढते. थंब मशीन सगळ्यात शेवटी.

आता दहाचा नेहमीचा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय आहे, त्यासाठी आवृत्ती २२एच२ पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन पाहिजे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक येते, सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. लिंक लगेच दिसत नाही, आधी बाकीचे अपडेट होऊ द्या, दोन-तीन रिस्टार्ट होऊ द्या.

आणि पोट्टा पुढच्या दिवाळीत आला की ॲडमिनचा पासवर्ड त्याला सांगू नका.